मिस्टर जहाजावर असतात

राजेश्वरीला मुलगी सापडली ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. अक्षता दुपारी दोनपासून शाळेच्या कपड्यांत, दप्तर पोटाशी धरून तिथे बसून होती. गच्चीच्या दाराला तिने गच्चीच्या बाजूने कडी घातली होती आणि आईचा आवाज तीनदा ऐकल्याशिवाय ती काढली नव्हती.

घणसोली गावातली ती इमारत, जिना एका माणसापुरता. तळमजल्यावर नव्याने आलेल्या भाडेकऱ्यांपैकी एक जण महिनाभर त्या जिन्यात उभा असायचा. त्या दिवशी तो बाजूला झालाच नाही. त्याने अक्षताचा दंड धरला. बारा वर्षांची पोर त्याच्या हाताला कडकडून चावली, आणि खोलीचं कुलूप काढायलाही वेळ नाही म्हणून सरळ वर पळाली.

राजेश्वरी तशीच घरमालकाकडे, गोटीरामकडे गेली. त्याने ऐकून घेतलं, टीव्हीचा आवाज कमी केला आणि म्हणाला, "तो जाईल म्हैनाभरान. पन तू पोरीला एकटी ठेवतंस कशाला? घरान कोनी बाप्या मानूस नाय, मंग असा व्हनारच."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माणूस नळावर दात घासत होता. हाताला फडकं बांधलेलं. राजेश्वरीकडे बघून तो हसला. तिने त्याच क्षणी ठरवलं, इथून निघायचं.

राजेश्वरी मूळची फलटणकडची. पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांची खोकी करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ती पॅकिंगला होती, नऊ ते सहा. नवरा धर्मराज पाच वर्षांपूर्वी पुण्याला गॅरेज टाकतो म्हणून गेला आणि तिथे त्याने दुसरा संसार थाटला. घटस्फोटाची केस चालू होती, म्हणजे नुसती तारीख पडत होती. तो कधी यायचाच नाही.

खोली शोधायला सुट्टीचा एकच वार. त्या वारी ती आणि अक्षता एजंटांच्या मागे मागे हिंडायच्या. कोपरखैरणे, घणसोलीचे सेक्टर, नेरूळ. घर दाखवताना सगळे गोड बोलायचे आणि शेवटी तोच प्रश्न यायचा, "मिस्टर काय करतात?" राजेश्वरी खरं सांगायची. मग एजंट बाजूला जाऊन फोन करायचा आणि परत येऊन म्हणायचा, "ते काय आहे मॅडम, मालकाला फॅमिलीच हवीये."

"आम्ही फॅमिलीच आहोत की," ती म्हणायची.

एकाने तर स्पष्टच सांगितलं. "तुम्ही विधवा असतात ना, तर मी सोसायटीशी बोललो असतो. हे अर्धवट असतं ते लोकांना नको वाटतं. उद्या तो येऊन दंगा करणार, नाहीतर दुसरंच कोणी येत-जात राहणार." अक्षता शेजारीच उभी होती. तिने मान फिरवून लिफ्टच्या दाराकडे पाहिलं.

कारखान्याच्या मागच्या गल्लीत, पावण्यातच, एक खोली परवडत होती. कोणी काही विचारलंही नाही. पण आजूबाजूला सगळी गोदामं, दिवसभर ट्रक, आणि बाईमाणूस औषधालाही नाही. केमिकलच्या वासाने अक्षताला तिथेच दारात उलटी झाली. त्या परत आल्या. तोवर ती खोली सोडून अकरा घरं बघून झाली होती.

बारावं दाखवलं धनेशने. तो नेरूळचा एजंट, तरुण, मनाने वाईट नव्हता. बिल्डिंगखाली स्कूटर लावता लावता तो म्हणाला, "ताई, एक बोलू? मिस्टर शिपवर आहेत म्हणून सांगा. नऊ-नऊ महिने येत नाहीत ती लोकं. कोण बघायला जातंय?"

राजेश्वरीने वर पाहिलं. फाटकाशी वॉचमन होता, जिन्यात दिवे होते, कॅमेरा होता. खाली मुली बॅडमिंटन खेळत होत्या आणि त्यांच्या आया बाकावर मटार सोलत बसल्या होत्या.

पाच वर्षं डब्यात पडलेलं मंगळसूत्र तिने घरी जाऊन काढलं आणि गळ्यात घातलं. फ्लॅट मिळाला.

पुढचे चार महिने राजेश्वरीच्या आयुष्यातले सगळ्यात निवांत गेले, हे तिने नंतर स्वतःच कबूल केलं. अक्षता रात्री दचकून उठेनाशी झाली. समोरच्या दारी सोसायटीच्या चेअरमनची बायको स्मिता राहायची. तिच्या मनस्वीशी अक्षताची गट्टी जमली. राजेश्वरी कामावरून येईपर्यंत पोर त्यांच्याच घरी अभ्यास करायची.

पण खोटं जपावं लागतं. कुठलं जहाज, आता कुठे आहे, फोन कधी येतो, हे मायलेकींनी एकदा बसून ठरवून घेतलं. राजेश्वरीला ते शिकवताना लाज वाटली, पण अक्षताने पटापट पाठ केलं. सोसायटीतल्या मुलीच त्या, चौकशा करणारच. मनस्वीने एकदा विचारलं, तुझे पप्पा काही पाठवत नाहीत का गं? तेव्हा राजेश्वरीने वाशीच्या एका दुकानातून परदेशी चॉकलेटचा डबा आणला आणि अक्षताने तो "पप्पांनी पाठवला" म्हणून खाली वाटला. वाटताना तिचा चेहरा इतका फुलला होता की गॅलरीतून बघणारी राजेश्वरी आत निघून गेली. पोर नाटक करत नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत, एका रविवारी दुपारी वॉचमनने इंटरकॉमवर सांगितलं, "मॅडम, साहब आये हैं."

"कोण साहेब?"

"आपके मिस्टर."

राजेश्वरी खाली पोचेपर्यंत उशीर झाला होता. जहाजावरचा माणूस आला म्हणून बाकावरच्या बायका कौतुकाने उठल्या होत्या, मुली गोळा झाल्या होत्या. मधोमध धर्मराज उभा, डोळे तांबारलेले, तोंडाला दारूचा वास. चेअरमनने हात पुढे केला. "या या! कधी उतरलात जहाजावरून?"

"कसलं जहाज?" धर्मराज हसला. "गॅरेज आहे आपलं, पुण्यात. हिने काय सांगितलं? जहाज?" मग राजेश्वरी दिसताच तो ओरडला, "माझ्या नावावर फ्लॅट मिळवते, आणि मलाच कोर्टात खेचते?"

पुढे तो जे बोलला ते चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं. वॉचमनने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं तेव्हा मनस्वी अक्षताकडे टक लावून बघत होती.

वर आल्यावर राजेश्वरीने दार लावलं. "त्याला पत्ता कोणी दिला?"

अक्षता भिंतीला टेकून उभी होती. "मी," ती म्हणाली. "सगळ्या विचारत होत्या, दिवाळीला तरी येणार ना? मी फोन केला. म्हटलं, एकदाच येऊन जा. चांगले कपडे घालून. पाचच मिनिटं."

राजेश्वरीने उगारलेला हात तसाच खाली आला.

आठवड्याने मीटिंग झाली. चेअरमन समजुतीच्या सुरात म्हणाले, "एकट्या बाईला आमचा विरोध नाही. तुम्ही खोटं बोललात, प्रश्न तो आहे." महिन्याभरात जागा सोडायची ठरली. जिन्यात स्मिता भेटली. तिचे डोळे भरून आले होते. "आधीच खरं सांगितलं असतंत तर..."

"सांगत होते," राजेश्वरी म्हणाली. "अकरा ठिकाणी."

स्मिताने डोळे पुसले. पण त्या दिवसापासून मनस्वी खाली उतरली नाही, अन् समोरचं दारही बंदच राहिलं.

त्यांना शेवटी खोली मिळाली ती नेरूळला लागून असलेल्या सारसोळे गावात, गोजराबाईकडे. म्हातारी मासळी विकायची. घराच्या मागे पत्र्याची एक खोली होती, भिंतींना ओल धरलेली. राजेश्वरीने दारातच सगळं सांगून टाकलं. म्हातारी म्हणाली, "दादल्याचा मना काय करायचा? पोरगी दुपारची माझे डोल्यासमोर बसल. राव इथंच."

एवढं सोपं होतं, आणि फार उशिरा झालं. अक्षता म्हातारीच्या ओट्यावर बसायची, पण कोणाशी बोलायची नाही. शाळा तीच राहिली होती, सोसायटीतल्या मुलींचीही, आणि तिथे सगळ्यांना कळलं होतं. धर्मराज दोनदा शाळेच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. दुसऱ्यांदा अक्षता मागच्या बाजूने निघून खाडीच्या रस्त्याने तासभर भटकत घरी आली. त्या रात्री जेवताना तिने ताट सारलं.

"मला मामाकडे ठेव."

"फलटणला? तिथं माझ्याशिवाय कशी राहशील?"

"तिथं कुणाला काही सांगावं लागणार नाही," अक्षता म्हणाली. "तिथं सगळ्यांना माहितीच आहे."

राजेश्वरीने आठ दिवस वाट पाहिली, पोर विरघळेल म्हणून. नाही विरघळली. मग दाखला काढला आणि शनिवारी तिला भावाकडे पोचवून आली. निघताना अक्षता तिला बिलगली नाही. वहिनीने दिलेली उशी घेऊन आतल्या खोलीत गेली आणि आपले कपडे फळीवर लावू लागली.

सोमवारी राजेश्वरी कामावर हजर झाली. सुपरवायझरने विचारलं, मुलगी बरी आहे ना? ती "हो" म्हणाली आणि पट्ट्यावरून आलेलं पहिलं खोकं तिने उचललं.