खोलीत तिसरं कुणी नको

आरोग्याच्या सर्व्हेत फिरणारी माणसं एकत्र बसली की किस्से निघणारच. पण आमचे किस्से मोठे अडचणीचे. सगळं सांगावं तर माणूस ओळखू येतो, आणि माणूस लपवावा तर किस्साच उरत नाही! म्हणून गावं आणि खाणाखुणा बदलून सांगते.

संभाजीनगरच्या ऑफिसात आम्ही तिघं. मी, सुनीता आणि सुपरवायझर जोशी सर. सरांचं एकच पालुपद, "बाईशी बोलताना खोलीत तिसरं कुणी नको. आणि ऐकलेलं पोटात!"

*

वैजापूरकडं एका घरात सासू जागची हलेचना. सून म्हणाली, "राहू द्या ताई, त्यांना ऐकू येत नाय." म्हातारी भिंतीकडं तोंड करून डाळ निवडत होती.

सुनीतानं अगदी हळू विचारलं, "नवरा हात उचलतो का?"

"नाय."

"खोटं सांगायली!" भिंतीकडून आवाज आला. "माझाच लेक हाय. मारतो. लिहा!"

सून पांढरीफटक. सुनीता म्हणाली, "आजी, तुम्हाला ऐकू येतं?"

म्हातारी डाळ निवडत राहिली. पुन्हा विचारलं, जोरात विचारलं. मान वळली नाही.

*

पिशोरला एक बाई घरात एकटीच. नवरा पुण्याला कामाला. दार लावलेलं, तरी ती तोंड उघडेना. नुसती फळीकडं बघायची. फळीवर मोबाईल टेकवून ठेवलेला. शेवटी ती उठली, मोबाईल पिठाच्या डब्यात ठेवला आणि वर झाकण दाबलं.

सुनीतानं पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात डब्यातून आवाज आला.

"झाकण काढ."

सकाळपासून कॉल चालूच! सुनीतानं मोठ्यानं विचारलं, "मीठ कोणतं वापरता? पाणी गाळून पिता का?" बाकीचं काही विचारलंच नाही. निघताना बाईनं तिचा हात धरला, तो सोडेचना.

*

फर्दापूरला चहा पिताना सुनीता मला हळूच म्हणाली, "आजची ती बाई, नवऱ्याला न सांगता मूल बंद व्हायचं ऑपरेशन करून आलीय गं!" नाव नाही, गल्ली नाही, काही नाही.

चहावाल्याचा हात थांबला. "निळं दार का, ताई?"

"का हो?"

"नाय, घरवाली हाय माझी."

सुनीता पटकन म्हणाली, "छे छे, ती पिशोरची!"

तो सावकाश हसला. "व्हय. पिशोरलाबी निळी दारं असतील की."

चहाचे पैसे त्यानं घेतले नाहीत. त्या दिवसापासून सुनीता गावात चहाच पीत नाही.

*

जोशी सर आम्ही केलेली काही घरं फेरतपासणीला निवडायचे. शहरातल्या जुन्या मोहल्ल्यात मी जिच्याशी तासभर बोलले होते, ती त्यांना म्हणाली, "कोई आयाच नै."

सर भडकले. "घरी बसून फॉर्म भरलास?" नोकरी जायची वेळ! मी त्यांना घेऊन परत गेले. तेच दार, तोच पोपटाचा पिंजरा. बाईनं माझ्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, "इनकू मैं कभी देखीच नै."

मलाच वाटायला लागलं, आपण खरंच आलो होतो ना?

सर जिना उतरायला लागले. तशी ती माझ्या कानाशी आली. "तुमीच तो बोले थे ना, किसीकू नै बताना?"

सर अर्ध्या जिन्यात थांबले होते. त्यांनी ऐकलं असावं. खाली जाऊन गाडीला किक मारली आणि म्हणाले, "बस मागं."

*

हा शेवटचा मी फारसा सांगत नाही.

भर दुपार होती. घरात बाई एकटीच. मुलं किती विचारलं. "दोन पोरं." दोघं कामाला बाहेरगावी. मग विचारावंच लागतं ते विचारलं, "जन्मून गेलेलं एखादं?"

तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली.

"एक पोरगी. बारशाआधीच गेली."

मग ती सरकून जवळ आली आणि माझ्या कानात एक नाव म्हणाली. "मनातच ठेवलं व्हतं. नवऱ्यालाबी ठावं नाय. कुणाला सांगू नगा, ताई."

"नाही सांगणार," मी म्हटलं.

बाहेर आले. गल्लीत चिटपाखरू नाही. हापशापाशी तेवढी एक मुलगी उभी. केस ओले, हातात ना घागर ना कळशी. माझ्याबरोबर चालायला लागली. जीपपाशी आल्यावर म्हणाली,

"आईनं माझं नाव काय सांगितलं?"

कुणाची तरी पोर, चेष्टा करतेय असं वाटलं. सवयीनं म्हणाले, "ते कुणालाच सांगता येत नाही, बाळा."

तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"मलाबी नाय?"