देवरे मॅडमची सकाळची फेरी

पहिल्या दिवशी देवरे मॅडम ऑफिसात आल्या, पर्स खुर्चीला अडकवली, चपला टेबलाखाली सरकवल्या आणि समोर आलेला चहा हाताने बाजूला सारला. "आधी फेरी," म्हणाल्या. मला वाटलं, बाईंना ऑफिस बघायचंय. मी अदबीने दार धरून उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कंपनीच्या क्लाउडवरच्या सगळ्या डिस्क त्यांनी स्क्रीनवर आणल्या आणि एकेक उघडून, ओठ हलवत, पोथीसारख्या वाचायला घेतल्या. चहावर साय धरली तरी वाचन चालूच.

आमची नाशिकची कंपनी तशी लहान. द्राक्ष बागायतदारांच्या नोंदी सांभाळायच्या, हा आमचा धंदा. कोणत्या बागेत कोणतं औषध कधी फवारलं, प्रयोगशाळेने काय अहवाल दिला, हे दाखवता आलं नाही तर माल परदेशी जात नाही. हे सगळं दूर कुठेतरी भाड्याच्या यंत्रांवर, भाड्याच्या डिस्कवर असतं. चालतंय ना, मग कशाला बघायचं, हा आमचा खाक्या. गच्चीवरच्या टाकीत तरी रोज कोण डोकावतं?

मॅडम डोकावायच्या. त्या सटाण्याकडच्या, बागायतदाराघरच्या. "आमचे दादा, म्हणजे वडील, रोज सकाळी बागेत फेरी मारायचे," त्या सांगायच्या. "हातात पंप नाही, कात्री नाही. नुसतं बघायचं. लोक हसायचे. पण वेलींवर भुरीचा रोग पडला की सगळ्यांच्या आधी दादांना दिसायचा." ऑफिसात त्यांची मराठी इस्त्रीची असे, पण फेरीवर निघाल्या की अहिराणी सुरू. प्रत्येक डिस्कला तेच तीन प्रश्न: "काय शे? कोठे शे? कोनं शे?" काय आहे, कुठे आहे, कोणाचं आहे. शेवटच्या प्रश्नाला आम्ही "कंपनीचं" म्हणालो की त्या उखडत. "कंपनी येते का बघायला? माणसाचं नाव सांगा. बिनमालकाचं ढोर आणि बिनमालकाची डिस्क, कोणीही हाकलून देतं!"

खरं सांगायचं तर सुरुवातीला आम्हाला त्यांचा जाच व्हायचा. माझ्या सात पिढ्यांत कुणी मालकाच्या रकान्यात इतक्या वेळा स्वतःचं नाव टाईप केलं नसेल.

मॅडम दिवाळीनंतर रुजू झालेल्या, नोकरी अजून कच्ची होती. अशातच एक दिवस आमचे मॅनेजर शिरीष सर क्लाउडचं बिल फडकावत आले. "कुठल्याच मशीनला न जोडलेल्या डिस्क उगाच भाडं खातायत. मॅडम, आज संध्याकाळपर्यंत सगळ्या उडवून टाका."

मॅडमनी आनंदाने काम हाती घेतलं. बराचसा कचराच होता, तो भराभर गेला. मग त्या एका डिस्कपाशी थांबल्या. नाव 'जुनं-२'. स्टेटस: मोकळी. त्यांनी तपशील उघडला, वाचला, पुन्हा वाचला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

"सर, ही मी उडवणार नाही."

"का? कुठे जोडलेली नाही. स्टेटस स्वच्छ दिसतंय."

"स्टेटसवरून माणूस घरी आहे की बाहेर, एवढंच कळतं. माणूस कोण, ते तपशिलात."

"अहो मॅडम, डिस्क आहे ती, स्थळ नाही!" सर हसले. आम्हीही हसलो.

"स्थळासारखीच बघायची," मॅडम जराही न हसता म्हणाल्या. "ही पहिल्यापासून एकाच मशीनला जोडलेली होती. मग एक दिवस कोणीतरी सोडवली आणि पुन्हा विचारलं नाही. हिची दुसरी प्रत कुठेही नाही. आज उडवली की कायमची गेली. आत बागायतदारांचं काही असलं तर?"

सरांचं हसू मावळलं. निर्यातीच्या बागांची नोंदणी तोंडावर आली होती आणि तिथे मागच्या हंगामांचे अहवाल मागतात. तरी ते म्हणाले, "ऑर्डर माझी आहे, मॅडम. जबाबदारीही माझी."

"मग बटणही तुम्हीच दाबा. मी नाही."

कच्च्या नोकरीतलं माणूस असं बोलत नाही. मॅडम मात्र माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, ही सोडवल्याची तारीख बघा. त्या दिवशी काय होतं हो इथे?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर मागे उलटलं. खंडेनवमी होती.

आता सरांविषयी सांगायला हवं. ते त्र्यंबकच्या, पूजा सांगणाऱ्या घरातले. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची आणि त्या दिवशी त्यांना विश्रांती द्यायची, हा त्यांचा नेम. आमची हत्यारं म्हणजे कॉम्प्युटर. टेबलावरचे बंद करून त्यांना झेंडूची फुलं वाहिली, पण क्लाउडवरच्या मशीन आपोआप जाग्या होतात. म्हणून सरांनी जुन्या नोंदींची मशीन थांबवली आणि तिची डिस्कच सोडवून ठेवली. दसऱ्याला मशीन सुरू झाली. सोनं वाटण्याच्या गडबडीत डिस्क जोडायची राहिली.

सरांनी कपाळाला हात लावला. "अरे देवा. मीच की तो!"

डिस्क जोडली, उघडली. चांदवडपासून कळवणपर्यंतच्या बागायतदारांचे मागच्या सगळ्या हंगामांचे अहवाल आत जसेच्या तसे होते. सर चष्मा काढून पुसत बसले. माझेही डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. मॅडम एवढंच म्हणाल्या, "मी काय केलं? नुसतं बघितलं." आणि टेबलावर गार झालेला चहा एका घोटात संपवला.

पुढच्या खंडेनवमीला पूजा झालीच. मॅडमनीच रांगोळी काढली आणि सरांना बजावलं, "सोडवाल ते जोडल्याशिवाय प्रसाद मिळणार नाही."

यंदा दादा थकले आणि बाग बघायला मॅडम सटाण्याला परत गेल्या. दुःख वगैरे काही नाही. "आता पायांनी फेरी," म्हणाल्या. शेवटच्या सकाळी त्यांनी मला शेजारी बसवलं आणि ती नोंदींची डिस्क उघडली. मालकाच्या जागी 'मंगला देवरे' होतं. ते त्यांनी खोडलं आणि माझं नाव लिहिलं.

"काय शे?"

"बागायतदारांच्या नोंदी."

"कोठे शे?"

तेही सांगितलं.

"कोनं शे?"

"मन्हं शे," मी म्हणालो. माझं आहे. आयुष्यातलं माझं पहिलं अहिराणी वाक्य.

मॅडमनी टेबलाखालून चपला ओढल्या, पायांत सरकवल्या. "मग झालं," म्हणाल्या. "आता चहा सांगा."