पोत्यात काय होतं?

मोहिनीबाईंना पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, ही बाई नुकतीच कुणाशी तरी भांडून आलेली आहे. बहुतेक वेळा ते खरंही असतं. मूळच्या त्या मढच्या, आता आमच्या शाळेत मराठी शिकवतात. आमचं गाव निमगाव सावाच्या पुढं, उसात बुडालेलं. मी त्याच शाळेत गणिताला आहे. बाईंचा राग मी वर्षानुवर्षं जवळून पाहिला, आणि यंदाच्या चिंचेच्या हंगामात तो माझाही झाला.

शुक्रवारच्या शेवटच्या तासाला बाई आठवीच्या मुलांना मोबाईलवर फिरणारे व्हिडिओ दाखवायच्या. आधी आवाज बंद, जे दिसलं तेवढंच लिहायचं. मग मोबाईल पालथा, डोळे मिटून जे कानावर आलं तेवढंच लिहायचं. शेवटी खालचा मजकूर वाचायचा आणि हे शब्द कुणी चिकटवले, कशासाठी चिकटवले, ते शोधायचं. शिक्षकांच्या खोलीत आम्ही त्याला ‘बाईंचा सिनेमा’ म्हणायचो. शाळा समितीचे अध्यक्ष संपतराव मात्र पाहुणे आले की छाती फुगवून त्या तासाचं कौतुक सांगायचे.

मार्चमध्ये गावाच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. तिन्हीसांजेची वेळ, उसाच्या कडेनं एक माणूस पाठीवर पोतं घेऊन टेम्पोकडं चाललाय, आणि बायामुलांचा आरडाओरडा ऐकू येतोय. खाली लिहिलेलं, ‘मुलं पळवणारी टोळी आपल्या गावात, सावध राहा.’ कुणी काढला ते कळलं नाही, पण पुढं पाठवणाऱ्यांत पहिले संपतराव होते.

पोतं घेतलेला माणूस म्हणजे महंमद हनीफ, जुन्नरचे चिंचेचे व्यापारी. दरसाल आमच्या गावातल्या झाडांची चिंच तेच उचलतात. निम्म्या गावाची पोरं त्यांच्या पोत्यांवर बसून चिंचा चोखत मोठी झाली. त्या माणसाला दुसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीवर टेम्पोतून खाली ओढला, मारला, हात मोडला, टेम्पोची काच फोडली. पोतीही फाडली, आणि आतून चिंच निघाली. तर हे शहाणे म्हणाले, पोरं पुढं पोचवली असतील! अहो, गावातलं एक तरी मूल हरवलं होतं का? हजेरी आम्ही घेतो. मला विचारायला एक माणूस आला नाही. पोलीस पाटील मध्ये पडले म्हणून हनीफभाई जिवंत घरी गेले.

त्या शुक्रवारी बाईंनी तोच व्हिडिओ वर्गात लावला. नका लावू, असं आम्ही सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि म्हणूनच त्यांनी लावला असणार. आवाज बंद असताना मुलांनी लिहिलं, माणूस, पोतं, टेम्पो, ऊस. मूल कुणालाच दिसलं नव्हतं. मग डोळे मिटून ऐकायची पाळी आली. दुसऱ्यांदा ऐकताना श्रेयानं पटकन डोळे उघडले.

“बाई, ह्यो तर आमचा भोंगा हाये.”

बिबट्याला बुजवायला आमच्याकडं बांधावर भोंगे बसवलेत. समोरून काही हललं की भोंगा आधी बायामुलांचा कालवा करतो, मग कुत्री भुंकतात, मग फटाके वाजतात. व्हिडिओ कुत्र्यांच्या आधीच कापला होता. रोज संध्याकाळी हे गाव तोच कालवा ऐकत भाकरी खातं. पण खाली एक ओळ लिहून आली आणि अख्ख्या गावानं आपले कान गहाण टाकले. श्रेयानं पुढं हेही सांगितलं, की पोतं तिच्या आजोबांनी, चांगदेवनानांनीच भरून दिलं होतं.

ही गोष्ट घरोघरी पोचली आणि समितीनं बाईंना बोलावलं, सोबत मलाही. संपतराव म्हणाले, पुस्तकातलं शिकवा, लेकरांची डोकी फिरवू नका. बाईंनी वाद घातला नाही. सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि आवाज ऐकवला. मग समितीत बसलेल्या चांगदेवनानांकडं त्या वळल्या.

“नाना, पोत्यात काय होतं?”

नाना खाली बघत म्हणाले, “चिंच.”

“मग ग्रुपवर बोलला का नाहीत?”

“समदे एका सुरात बोलत व्हते. मी एकटा काय बोलणार, बाई?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संपतरावांना निदान माहीत तरी नव्हतं. या माणसानं स्वतःच्या हातानं पोतं भरलं, त्याचं तोंड शिवलं, आणि मग स्वतःचंही शिवून घेतलं.

संपतराव म्हणाले, व्हिडिओ काढून टाकतो, विषय मिटवा. बाई हटल्या नाहीत. जिथं बदनामी झाली तिथंच खरं सांगा, म्हणाल्या. शेवटी नानांनी तिथंच बसून ग्रुपवर आपला आवाज टाकला, की पोत्यात माझी चिंच होती, हनीफभाईंचा काही दोष नाही. त्याखाली चार अंगठे उमटले, आणि सकाळी त्यावर सुप्रभातचे गुलाब येऊन पडले. त्याच बैठकीत ठरावही झाला, शुक्रवारचा तास बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

रविवारी बाई मला घेऊन जुन्नरला गेल्या. हनीफभाईंचा हात गळ्यात बांधलेला होता. त्यांच्या बायकोनं, नसीमनं, चहा दिला आणि ती लगेच आत गेली. बाईंनी नानांचा आवाज लावला. हनीफभाईंनी तो शेवटपर्यंत ऐकला आणि मोबाईल हळूच परत केला.

“बाई, ह्यो आवाज नानांचाच हाये, हे मी कशावरून धरू? त्यांना म्हणावं, माझ्या दारात येऊन बोला. मी चेहऱ्यानं वळखतो त्यांना.”

बाईंनी मोबाईल पिशवीत टाकला आणि त्या उठल्या.

परत आल्यावर त्यांनी नानांना निरोप दिला. नाना म्हणाले, जाईन की सवडीनं. त्यांच्या झाडाखाली उरलेली चिंच पडून तिला मुंग्या लागल्यात. जुन्नरची एसटी नानांच्या बांधावरूनच जाते. त्यांनी अजून तिला हात केलेला नाही.