पूर्वेस मंडेची जमीन

आमच्या बेटावर माणसाला दोन नावं असतात. एक चर्चमध्ये ठेवलेलं, ते कुणाच्या लक्षात राहत नाही. दुसरं टोपलीतलं. बाळ शेताच्या बांधावर टोपलीत पडलेलं असतं तेव्हाच कुणीतरी लाडानं हाक मारतं, आणि ती हाक मरेपर्यंत चिकटते. माझी आई इव्हँजेलीन, पण तिला सगळे कूटा म्हणतात, म्हणजे कासव. आजोबा सोमवारी जन्मला म्हणून मंडे. ह्या मंडेपायीच आईचं घर जायची वेळ आली होती, आणि ते वाचवलं अल्थिया ग्रँटनं. देव तिचं भलं करो, असली बाई मी दुसरी पाहिली नाही.

काउंटीच्या कचेरीत, खरेदीखतांच्या खोलीत ती बसायची. आडव्या अंगाची, कानात मोठाले डूल. हसली की पलीकडे कर भरायच्या रांगेतली माणसं दचकायची. ती आमच्यातली नव्हे, वर डोंगराकडून आलेली. त्यामुळे आईचा तिच्यावर काडीचा विश्वास नव्हता. बेटावरच्या जमिनी गेल्या त्या कागदांनीच, हे आई लहानपणापासून ऐकत आलेली.

पण वादळानं आईचं छप्पर नेलं. डोक्यावर निळी ताडपत्री बांधून ती राहत होती, आणि पुढच्या वादळांचा हंगाम तोंडावर आलेला. सरकारी मदत होती, पण ज्याच्या नावावर घर त्यालाच. घर आजोबाच्या नावावर, आणि आजोबा केव्हाचाच मातीत. वारस म्हणून आई एकटीच, तर तसं सिद्ध करून आणा म्हणाले. मी आईला जवळजवळ ओढतच कचेरीत नेलं.

अल्थियानं आजोबाचं खरेदीखत काढलं, पलीकडच्या खिडकीतून आईचा जन्मदाखला मागवला, दोन्ही शेजारी ठेवले आणि कपाळावर हात मारला.

"अगं बाई, जमीन इझिकिएल मेझिकची. आणि तुझी आई मुलगी मंडे मेझिकची!"

"एकच माणूस तो!" मी ओरडले.

"मला पटलं गं. पण कागदाला कोण पटवणार?"

बाळंतपण करणारी दाई आमच्याच बेटावरची. बापाचं नाव विचारल्यावर तिला जे ठाऊक होतं तेच तिनं लिहिलं. आईचे डोळे भरून आले. "बघ, मी सांगत नव्हते? आता बापही गेला आणि जमीनही."

"कुठे जात नाही जमीन," अल्थिया म्हणाली. "आजोबांना ओळखणारं कुणी म्हातारं आहे का? त्यांचं शपथपत्र करू."

ओळखणारे टायटस काका तेवढे उरले होते, आजोबांचे शेजारी. नव्वदी उलटलेली, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत. पुढच्या आठवड्यात मी त्यांना गाडीत घालून नेलं. बिस्किटांचा पत्र्याचा डबा पोटाशी घट्ट धरून बसले होते.

अल्थियानं त्यांना शपथ दिली आणि विचारलं, "काका, इझिकिएल मेझिकना तुम्ही ओळखत होता?"

"कोण? नाही बुवा. असल्या नावाचा माणूस आमच्या बेटावर नव्हता."

"काका!" माझं डोकंच फिरलं. "अहो, आजोबा माझे!"

"तुझा आजोबा मंडे. शपथेवर खोटं बोलू होय? नरकात तू जा, मला नको नेऊस."

आई खुर्चीत बसून हमसून रडायला लागली. अल्थिया उठली, तिच्यासाठी पाणी आणलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. आईनं नाक पुसत विचारलं, "तुझं टोपलीतलं नाव काय गं?"

"मला कसली टोपली, मावशी? मी अनाथाश्रमातली. नावही तिथल्या बाईनं रजिस्टर भरताना ठेवलं. माझ्या दाखल्यावर बापाच्या जागी नुसती रेघ आहे." असं म्हणून ती हसली. आई हसली नाही.

मग अल्थियाचं लक्ष डब्याकडे गेलं. "काका, ह्यात काय आहे?"

"माझ्या जमिनीचा कागद. घरी ठेवला आणि कुणी नेला तर?"

"बरं केलंत. मला सांगा, तुमच्या पूर्वेला कोण राहायचं?"

"कोण म्हणजे? मंडे! मेल्याची डुकरं माझी रताळी उकरायची."

"बघू का मी कागद?"

"हात धुतलेस?"

ती खरोखर हात धुऊन आली. कागद उलगडला, चतुःसीमा कुठे लिहिली आहे ते बोटानं शोधलं आणि मोठ्यानं वाचलं. "पूर्वेस इझिकिएल मेझिक यांची जमीन."

काकांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग मांडीवर थाप मारली. "इझिकिएल! जन्मभर बांधाला बांध, आणि बोलला नाही लेकाचा!"

आता शपथपत्रावर त्यांनी खुशाल सही ठोकली. खरेदीखत, दाखला आणि काकांचा कागद एकत्र जोडून अल्थिया स्वतः न्यायाधीशबाईंकडे गेली. आई वारस ठरली. हंगामाआधी छप्पर चढलं.

त्या रविवारी आईनं कोळंबी घालून लाल भात केला आणि अल्थियाला बोलावलं. दारातच आईनं स्वतः विणलेली टोपली ठेवली होती. "पाय घाल हिच्यात."

"मावशी, मोडेल हो!"

"मोडली तर दुसरी विणीन. घाल मुकाट्यानं."

अल्थियानं पाय घातला. आईनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आमच्या पूर्वेनं आम्हाला तारलं. आजपासून तू ईस्ट."

एवढी हसणारी बाई, पण टोपलीत पाय तसाच ठेवून ढसाढसा रडली. आतून टायटस काका ओरडले, "ए ईस्ट, रडणं झालं असेल तर भात वाढ!"

आता बेटावर कुणालाही विचारा, अल्थिया ग्रँट कोण. असल्या नावाची बाई आमच्यात नाही, असंच सांगतील.