मामीचा गुडघा

फणसवाडीत माझ्या मामीसारखी फुगडी कुणी घातली नाही आणि मामीसारखं खोटंही कुणी बोललं नाही. पहिली गोष्ट सगळ्या वाडीला ठाऊक होती, दुसरी मला फार उशिरा कळली. मंगळागौर कुणाचीही असो, मामी आणि माझी आई पदर खोचून मध्ये उतरल्या की बाकीच्या बायका आपसूक भिंतीला टेकायच्या. हातांना तिढा देऊन, मागे रेलून या नणंद-भावजया अशा गरगरायच्या, की कुठला हात कुणाचा ते कळू नये. "वन्सं, सोडू नका हं," मामी ओरडायची. "सोडते कसली," आई म्हणायची. लहानपणीचं सुख म्हटलं की मला अजून तेच दिसतं.

मामीला कुठलीच गोष्ट बेताने जमायची नाही. ती हसली की समोरच्या चाळीतला पोपट गप्प व्हायचा. जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या तिने कधी पाय टेकून उतरल्या नाहीत, उडीच मारली. लालबागला मसाल्याच्या मिरच्या घ्यायला गेली, की प्रत्येक पोत्यात नाक घालून, शिंकत शिंकत भाव करायची.

पन्नाशी आली आणि मामीने गुडघा धरला. उड्या गेल्या, लालबाग गेलं, गुडघ्याला पट्टा आला. मंगळागौरीला ती खुर्चीत बसून नुसती गाणी म्हणू लागली. गंमत अशी, की पट्टा कधी डाव्या पायाला असायचा, कधी उजव्या. मी विचारलं तर म्हणाली, "दुखणं फिरतं गं." आईने मात्र कधी शंका घेतली नाही. संध्याकाळी तेल कोमट करून ती शेजारच्या खोलीत मामीकडे जायची आणि जो गुडघा पुढे येईल तो चोळायची. स्वतःही तिने फुगडी सोडली. "वहिनीशिवाय कुणाचे हात धरू?" म्हणायची. वाडीला या प्रेमाचं कोण कौतुक.

गेल्या चैत्रात मी हट्टाने मामीला लालबागला नेलं. मिरच्यांचा खकाणा नाकात गेला, मामीला शिंकांवर शिंका आल्या आणि ती दुकानाच्या पायरीवर बसली ती उठेचना.

"गुडघा का गं?"

"गुडघा कुठला," ती अगदी हळू म्हणाली. "शिंकलं, हसलं, उडी मारली की थेंब थेंब लघवी होते. किती वर्षं झाली. फुगडीत सगळ्यांदेखत झालं असतं तर?"

मी माझी ओढणी तिच्या कमरेला गुंडाळली आणि टॅक्सी केली.

दादरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला समजावलं, की बाळंतपणांनी आणि वयाने पुष्कळ बायकांना हे होतं. आधी लघवी रोखणारे स्नायू आवळून धरायचा व्यायाम, मग त्या जागेला लेझर. सगळ्यांना सारखाच गुण येतो असं नाही, हेही सांगितलं. "लेझर म्हणजे मिरवणुकीत गच्च्यांवर मारतात तो?" मामीने विचारलं. व्यायाम मात्र तिने असा मनावर घेतला, की भाजी निवडताना, बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची आणि नजर लावून बसायची. "थांब, आवळून धरलंय," म्हणायची. लेझर घेऊन काही महिने झाल्यावर एकदा ती जोरात शिंकली, थबकली आणि माझ्याकडे बघून लहान मुलीसारखी हसली.

"आता आईला सांग," मी म्हटलं.

"कुठल्या तोंडाने? एवढी वर्षं त्यांनी तेल जिरवलं."

शेवटी एका संध्याकाळी तिने पट्टा काढून आईपुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. आता आई रागावणार, असं मला वाटलं. आईने तेलाची वाटी खाली ठेवली, दार लोटलेलं आहे ना ते बघून घेतलं आणि विचारलं, "वहिनी, त्या डॉक्टरीणबाई दादरला नेमक्या कुठे बसतात?"

एका भिंतीच्या अल्याड-पल्याड राहून दोघींनी एकच दुखणं एकमेकींपासून लपवलं, आणि किती श्रावण त्यात कोरडे गेले. आता आईचेही उपचार चालू आहेत. त्या पुन्हा उभ्या राहून तशा गरगरतील की नाही, कुणास ठाऊक. दोघींची वयं झाली. मला मात्र ती फुगडी पुन्हा बघायची आहे, एकदा तरी. काल दुपारी चहा झाल्यावर आईने मामीचे हात हातात घेतले, त्यांना तिढा दिला, आणि दोघी बसल्या जागीच जरा मागे रेलल्या.

"वन्सं, सोडू नका हं," मामी म्हणाली.