चहाआधीची प्रार्थना

मुलांनो, तुमचे आजोबा जाऊन आता वर्ष होत आलं. तुम्ही फोनवर विचारता, "आजी, एकटी घाबरत नाहीस ना?" मी नाही म्हणते. खरं उत्तर जरा लांब आहे, म्हणून लिहिते.

आपल्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ राहतात. पूर्वी एसटीवर ड्रायव्हर होते, देवरूखच्या गाड्या चालवायचे. तोंड इतकं फटकळ, की त्यांच्याशी बोलायला गल्लीत कुणी उरलं नव्हतं. आजोबांनी मात्र एका रविवारी चर्चहून येताना त्यांना हाक मारली आणि पडवीत आणून बसवलं. मग दर रविवारी ते येऊ लागले. आजोबांना ते ‘मास्तर’ म्हणत. मला ते फारसं आवडलं नव्हतं. आजोबा म्हणाले, "गोड बोलणाऱ्याशीच गोड बोलायचं, तर त्यात ख्रिस्ताचं काय राहिलं?"

आपल्या घरी साधा चहासुद्धा देवाचे आभार मानल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नाही. हे गृहस्थ हिंदू, पण तेही टोपी काढून, डोळे मिटून आजोबांची प्रार्थना संपेपर्यंत थांबायचे.

आजोबा गेले त्या सुमारास या गृहस्थांची स्मृती ढासळत चालली होती. पुढच्याच रविवारी ते आले आणि आजोबांच्या रिकाम्या वेताच्या खुर्चीसमोर बसले. "काय मास्तर, आज गप्पसे?"

मी म्हटलं, "मास्तर गेले हो."

ते ढसाढसा रडले. त्यानंतरच्या रविवारी पुन्हा हसत हजर. मी पुन्हा सांगितलं. ते पुन्हा तसेच रडले, पहिल्यांदाच ऐकल्यासारखे. त्यांची सून त्यांना न्यायला आली, तेव्हा हळूच म्हणाली, "काकू, नका हो सांगू. मग घरी जेवत नाहीत. सरळ फाटकाला कुलूप घाला, येणंच बंद होईल."

कुलूप मला घालवेना. सांगणं मी थांबवलं. पण मास्तर बसले आहेत, असंही माझ्या तोंडून निघेना.

मग मी स्वयंपाकघरातून ऐकत राही. ते बोलत, थांबत, मोठ्यानं हसत. "छे हो मास्तर! घाटात ब्रेकवर भरवसा ठेवाल तर मराल." मग परत शांतता, बरोबर आजोबांचं वाक्य मावेल एवढीच. त्या शांततेत आजोबा काय म्हणाले असते, ते मला ठाऊक असे. मनात ते वाक्य पूर्ण होई, आणि लगेच बाहेर म्हातारबुवा त्याचंच उत्तर देत. माझ्या अंगावर काटा येई. मी भूतखेत मानणारी नव्हे, हे तुम्ही जाणता.

चहाला मात्र ते हात लावत नसत.

"गार होतोय, घ्या ना," मी म्हणे.

"मास्तरांनी प्रार्थना कुठं केली अजून?"

न्यायला आलेली सून वैतागे. "बाबा, काकूंना किती ताटकळवता! प्या की मुकाट्यानं."

"तू गप गो. ख्रिस्ती घर आहे हे. इथं असं चालत नाही."

साय धरलेला कप मी आत नेई. असे बरेच रविवार गेले. मग एकदा ते हसलेच नाहीत. खुर्चीपुढे हात जोडून बसले. "मास्तर, रागावलात माझ्यावर? माझं काय चुकलं, तेवढं तरी सांगा." सून त्यांना उठवू लागली, तर उठेनात.

आजोबा गेल्यापासून मी मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती. मनातल्या मनातच म्हणे. पण या माणसाला आमच्याच पडवीत असं क्षमा मागत बसलेलं मला बघवेना. बाहेर येऊन मी बाकावर बसले आणि डोळे मिटले. "हे पित्या, या चहासाठी आणि आमच्या घरी आलेल्या या माणसासाठी आम्ही तुझे आभार मानतो. इथे त्याच्यावर कुणीही रागावलेलं नाही. आमेन."

"आमेन," म्हणून त्यांनी कप उचलला. एक घोट घेतला आणि खुर्चीकडे बघून म्हणाले, "मास्तर, आवाज पार बसलाय तुमचा. हळद घालून दूध घ्या."

सून पदर तोंडाला लावून हसली. मग मीही हसले.

आता रविवारची प्रार्थना मीच करते. शब्द आजोबांचेच येतात. कधी कधी मधेच वेताची खुर्ची करकरते. समुद्राच्या दमट हवेत वेत असा वाजतोच. तरी आमेन झाल्यावर मी डोळे लगेच उघडत नाही.