तांबड्या ताडाची पिलं

गुणाजी रत्नागिरीकडचा, नारळी-पोफळीत वाढलेला. झाडाच्या बाबतीत कुणाचं ऐकून घ्यायचं असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. गिरगावात रघुवीररावांच्या बागेत तो बारा वर्षं माळी होता. बाग आपली आणि रावसाहेब तिथे नुसते राहतात, अशा थाटात वागायचा.

१८९१ साली रावसाहेबांनी सिंगापूरहून बोटीनं एक शोभेचा ताड मागवला. लाल देठांचा, बांबूसारखं बेट करून वाढणारा. मुंबईत तसा दुसरा नसावा, अशी त्यांची खात्री. "दोन वर्षांनी या, लाल बेट दाखवतो," असं ते येईल त्या पाहुण्याला सांगत सुटले. गुणाजीला मात्र कुणी काही सांगितलं नाही. माळ्याला काय सांगायचं!

तीन वर्षं झाली तरी ताड एकटाच उभा. पाहुणे गालात हसू लागले. शेवटी एका रविवारी रावसाहेब वैतागले.

"गुणाजी, व्यापाऱ्यानं फसवलं मला. याला म्हणे बुंध्याशी पिलं फुटतात! तीन वर्षांत एक दिसलं नाही. वांझ आहे, उद्या उपटून टाक."

पिलं फुटत होती की! रावसाहेब उठायच्या आत गुणाजीच ती कोयत्यानं काढत होता. केळीची पिलं वेळेवर काढली नाहीत तर घड बोटाएवढा येतो, हे त्याला आज्यानं शिकवलेलं. केळीला लागू ते ताडालाही, असं त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्याची बायको शेवंती म्हणाली, "गप ऱ्हावा. झाड जाईल, नोकरी ऱ्हाईल. कोणाला कळतंय?"

कुणालाच कळणार नव्हतं, हेच तर वाईट होतं. सकाळी कुदळ घेऊन तो ताडापाशी गेला. रावसाहेब कचेरीच्या पोशाखात, पगडी घालून बघायला उभे. गुणाजीनं कुदळ उचलली आणि तशीच खाली ठेवली.

"रावसाहेब, झाड वांझ नाय. पिलं येत व्हती. मीच कापत व्हतो."

रावसाहेबांचा चेहरा लालबुंद झाला. बारा वर्षांची नोकरी गेलीच, असं धरून गुणाजीनं बुंध्याजवळची माती बोटानं बाजूला केली. आत गव्हाएवढा तांबडा कोंब होता.

रावसाहेब बघतच राहिले. मग पांढऱ्याशुभ्र धोतरानिशी चिखलात गुडघे टेकून बसले आणि कोंबाला नाक लागेल इतके वाकले.

"गुणाजी," ते हळूच म्हणाले, "एवढ्याला तरी हात लावू नकोस रे बाबा."

गुणाजीला हसू फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं. रावसाहेबांची पगडी चिखलात पडली होती. ती उचलायचं दोघांनाही सुचलं नाही.